फौजदाराचा चोर

"अहो, आत काय चाललंय? नळ बंद करा की! अख्खी टाकी रिकामी करूनच बाहेर येणार आहात का?"

काकू न्हाणीघराच्या दारावर थापा मारत होत्या. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. आत चोरकाका डावा हात नळाखाली धरून, दात आवळून, मनगटाच्या वर साबण चोळत होते. साबणही काकूंचा, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला, गुलाबाच्या वासाचा. एरवी त्याला हात लावायची काकांची छाती झाली नसती.

"आलोच गं. हात धुतोय."

"पाव तास हात धुताय? कुणाचा खून करून आलात?"

शेवटी कडी निघाली आणि काका बाहेर आले. अंगात पूर्ण बाह्यांचा लोकरीचा स्वेटर. सकाळ असूनही बाहेर ऊन असं, की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थंडी वाजतेय वाटतं?"

"थोडीशी."

"मग हा घाम कसला?"

"थंडीचाच आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी डावी बाही आणखी खाली ओढली.

खोटं बोलणं हा काकांचा प्रांतच नव्हता. हे सांगितलं की नवीन माणसाला हसू येतं, कारण काकांनी सारी हयात चोर म्हणून काढली होती. तीही पगारी. वस्तीच्या टोकाला रखवालीच्या कुत्र्यांची एक शाळा होती. कुत्र्यांना चोर पकडायला शिकवायचं तर आधी चोर पाहिजे, आणि खरे चोर काही वेळेवर कामाला येत नाहीत. म्हणून शाळेनं काकांना नेमलं होतं. जाडजूड भरलेला कोट चढवायचा, डाव्या हातावर तरटाची चिलखतासारखी बाही, उजव्या हातात काठी. भिंतीवरून उडी मारायची, आरडाओरडा करायचा आणि जीव घेऊन पळायचं. कुत्रा धावत येऊन डाव्या बाहीला लोंबकळला की थोडी झटापट करायची, आणि मग एकदम स्तब्ध, ताठ उभं राहायचं. चोर हलायचा थांबला की कुत्र्यानं हात सोडायचा, असा तिथला शिरस्ता. गुडघे बोलायला लागेपर्यंत काकांनी हेच केलं. मुलीच्या लग्नात व्याह्यांनीसुद्धा "या चोरकाका" म्हणूनच स्वागत केलं होतं.

त्या शाळेत एक नियम मात्र फार कडक होता. कुत्र्याचे लाड करायचे ते शिक्षकानं. खाऊ द्यायचा शिक्षकानं, गोड बोलायचं शिक्षकानं. चोरानं कुत्र्याला कुरवाळायचं नाही, चुचकारायचं नाही, यायचं-जायचंसुद्धा मागच्या फाटकानं. कुत्र्याची चोराशीच गट्टी जमली तर पकडायचं कुणाला? काकांनी हा नियम कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाळला. अडचण झाली ती फौजदाराच्या बाबतीत.

फौजदार म्हणजे थोराड अंगाचा, काळसर-तांबूस कुत्रा. कपाळ चांगलं रुंद, दोन कानांच्या मध्ये मऊ काळा पट्टा. तो डाव्या हाताला लोंबकळायचा तेव्हा ते कपाळ काकांच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर असायचं. रोज सकाळी. झटापटीत काठी टाकून दिली, की उजवा हात रिकामा व्हायचा आणि नुसता शिवशिवायचा. एकदा, फक्त एकदा त्या काळ्या पट्ट्यावरून हात फिरवावा, असं काकांना वाटायचं. दुसरे कुत्रे बाहीचा राग राग करायचे. हा मात्र शेपटी हलवत चावायचा. आज चोर जरा उशिरा आला म्हणून याला काळजी वाटली असावी, असं त्याचं तोंड व्हायचं. आणि काका त्याला काय म्हणायचे? "हट्! चल हट्!" पगार त्याचाच होता.

मग फौजदाराचं कंबरडं धरलं आणि त्याला निवृत्त केलं. त्या दिवशी सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. शिक्षक तर लहान मुलासारखा रडला. काका मागच्या फाटकाबाहेर कोट घालून उभे होते, कारण नियम म्हणजे नियम. फौजदार एका निवृत्त गणिताच्या बाईंकडे राहायला गेला. एकट्याच बाई, बसकं घर, पुढं अंगण. शाळेनं एकच अट घातली होती : परक्या माणसाला चावला तर कुत्रा परत. आणि परत म्हणजे शाळेच्या मागच्या बंद पिंजऱ्यात, मरेपर्यंत, कारण म्हाताऱ्या कुत्र्याला शाळेत काही काम नव्हतं.

पुढं काकाही निवृत्त झाले आणि सकाळी फिरायला जाऊ लागले. घरापासून बाग दोन पावलांवर असताना काकांना फिरायला बाईंचीच गल्ली लागायची. समोरच्या फुटपाथवरून जायचं, अंगणाकडे बघायचं, परत यायचं. त्या दिवशी फौजदार फाटकाला टेकून बसला होता आणि बाई कुठं दिसत नव्हत्या. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. तिसऱ्या घरात कुणीतरी चादर झटकत होतं, ते आपल्यालाच बघून, असं त्यांना वाटलं. चोराच्या मनात चांदणं! तरी त्यांनी रस्ता ओलांडला. फाटकाच्या गजांतून हात आत घातला. उजवा घालायचा होता हो, पण इतक्या वर्षांची हाताची सवय! डावा हात पुढे गेला, तोही कोपरात वाकवून, मनगट वर करून. शाळेत रोज धरायचे तसा, बाही सोडून बाकी सगळं जसंच्या तसं.

फौजदारानं पाहिलं. वास घेतला. त्याचे डोळे चमकले, शेपटी पंख्यासारखी फिरायला लागली, आणि त्यानं इतक्या महिन्यांची आठवण एका घासात काढली.

"कोण आहे तिकडे?" नेमक्या त्याच वेळी बाई ओसरीवर आल्या. नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्र. "काय हवंय?"

"काही नाही! पत्ता विचारायचा होता." काकांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

"कुणाचा?"

काकांना जगातलं एकही नाव आठवेना. "तुमचाच."

"मग सापडला की."

"हो. छान आहे पत्ता."

"कुत्र्याला घाबरू नका हो. अगदी गरीब आहे. हात चाटत असेल तुमचा."

"चाटतोय की," काका म्हणाले. "फार मायाळू आहे."

मग त्यांनी डोळे मिटले आणि ते ताठ, स्तब्ध उभे राहिले. चोर शरण आला. फौजदारानं हात सोडला, दोन पावलं मागे सरला, आणि पुन्हा कधी पळणार म्हणून मोठ्या आशेनं त्यांच्याकडे बघत बसला. काका हात खिशात घालून जे निघाले ते खुंटीवरचा स्वेटर ओढून थेट घराच्या न्हाणीघरात. कुत्रा चावला की आधी साबण आणि वाहतं पाणी, चांगलं पाव तास, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा होता.

एवढं सगळं काकूंना कुठून माहीत असणार? पण त्यांनी स्वेटरची बाही धरून एकदम वर सारली आणि जे दिसायचं ते दिसलं.

"अगं बाई गं! कुत्रं चावलं!"

"थोडंसं."

"कुठलं?"

"रस्त्यावरचं."

"थांबा, तिखट आणते. माझी आत्या तिखटच भरायची."

"तिखट-बिखट काही नको! आणि ती चादर कशाला फाडतेस? कुत्र्याची जखम आवळून बांधायची नसते, उघडी ठेवायची असते. मी काय आजच चावून घेतोय का?"

"रोज चावून घेत होतात तेव्हा दातांखाली तरट होतं. आज कातडं आहे. चला डॉक्टरकडे!"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बारीक नजरेच्या. त्यांनी जखम पुन्हा धुतली, वरून औषध लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हात दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"काका, रस्त्यावरचं कुत्रं म्हणालात ना? ते लचका तोडतं, हिसडे देतं, कातडी फाडतं. हे चार दात कसे अगदी मोजून ठेवल्यासारखे आहेत. इतक्या शिस्तीत चावलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

"शिस्त तर त्याला पहिल्यापासून..." काकांचा चेहरा अभिमानानं फुलला आणि तसाच मिटला. "म्हणजे, असेल शिस्तीचं एखादं. रस्त्यावर काय, सगळ्या प्रकारची असतात."

"पाळलेलं असतं, लस टोचलेलं असतं, तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवून निर्धास्त झालो असतो. अनोळखी म्हणजे जोखीम नाही घ्यायची. लस तर द्यायचीच, शिवाय जखमेच्या आत आणि भोवती औषध टोचायचं. जरा दुखेल."

काकांनी मान डोलावली. फौजदारासाठी तेही सोसायची तयारी होती. पण काकूंना राहवेना.

"अहो, पण यांनी कुत्र्याच्या लशी किती वेळा घेतल्यात! सांगा ना त्यांना. डॉक्टरीणबाई, हे चोर आहेत."

डॉक्टरीणबाईंनी हळूच टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला. मग सगळा खुलासा झाला, डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या, आणि आधी पूर्ण लस झालेली असेल तर जखमेत टोचायची गरज नाही, पुन्हा दोनदा लस घेतली की पुरे, असं त्यांनी सांगितलं. काका सुटलो म्हणून उठायला लागले.

"बसा बसा. भटकं कुत्रं चावलं की मला पालिकेला कळवावं लागतं. ते पकडून निरीक्षणाखाली ठेवतात. दिसायला कसं होतं?"

आता आली का पंचाईत! काकांना खोटं बोलता येत नव्हतं, तिथं अख्खं कुत्रं कुठून रचणार? त्यांनी घाबरून खिडकीबाहेर पाहिलं. समोर लॉन्ड्रीच्या पायरीवर एक कुत्रं पाय वर करून झोपलं होतं.

"भुरं होतं," काका म्हणाले. "डावा कान पांढरा. शेपटीला गाठ. थोडं जाड."

"बघा, किती छान आठवतंय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी काका दूध आणायला निघाले तर लॉन्ड्रीसमोर ही गर्दी. पालिकेची जाळीची गाडी उभी, आणि लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच भांडतोय. "अहो, याला भाकरी दिली तर तीसुद्धा चावत नाही, गिळतो! हा माणसाला काय चावणार?" गाडीतून भुरं कुत्रं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होतं. काकांकडेही त्यानं पाहिलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच, आणि दिली कुणी, तर खुद्द चोरानं!

त्या रात्री काकांना घास उतरला नाही की झोप आली नाही. पिंजरा म्हणजे काय ते त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिलं होतं. सकाळी ते कोंडवाड्यावर गेले. पालिकेचा माणूस चहा पीत होता.

"ते कुत्रं सोडा साहेब. चावलं ते हे नव्हे."

"तुम्हीच सांगितलंत ना? भुरं, डावा कान पांढरा?"

"डावा नव्हता." काकांना दुसरं काही सुचेना. "उजवा होता."

"मग आधी नाही का सांगायचं?" तो माणूस भला होता, त्यानं लगेच चहाचा कप खाली ठेवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

दुपारपर्यंत उजवा कान पांढरा असलेलं एक मरतुकडं कुत्रंही आत येऊन पडलं. डाव्या कानाचंही सोडलं नाही, कारण साक्षीदाराचा भरवसा नाही, असं साहेबांचं मत पडलं. काका पुन्हा चपला घालू लागले, तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आता कुठं?"

"कोंडवाड्यावर. ठिपके होते म्हणून सांगतो."

"खबरदार! आणखी एक शब्द बोललात तर वस्तीत एक कुत्रं शिल्लक राहायचं नाही. खाली बसा. आणि आता खरं काय ते सांगा."

काका खाली बसले. बराच वेळ चपलेचा अंगठा खाली-वर करत राहिले. मग बोलले ते एकदमच.

"फौजदार होता गं तो. आणि त्याचं काही चुकलं नाही. मीच हात पुढं केला. मला फक्त एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. इतकी वर्षं माझ्या हाताला लोंबकळला बिचारा, कधी 'शाब्बास' म्हटलं नाही मी त्याला. सगळे त्याला मिठ्या मारत होते ना, तेव्हा मी फाटकाबाहेर उभा होतो. फार आठवण येते गं त्याची. आता कळलं की तो चावला, तर नेऊन कोंडतील त्याला. नाही सांगितलं, तर ती दोन आत मरताहेत. काय करू?"

काकू स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि तो काकांपुढं जरा आदळूनच ठेवला.

"म्हणजे झोपेत 'शहाणं माझं ते, गुणी माझं ते' म्हणून पुटपुटता, ते त्या कुत्र्याला?"

"पुटपुटतो?"

"रोज. आणि मी मेली इतकी वर्षं समजत होते, की मलाच म्हणताय."

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि दाराची किल्ली उचलली. "उठा. बाईंकडे जाऊ. त्यांच्या कुत्र्याचं त्यांना आपल्याच तोंडानं सांगू. पालिकेकडून कळायला नको. मग हात जोडायचे तर दोघं मिळून जोडू."

बाईंच्या फाटकाला आतून कुलूप होतं. अंगणात फौजदार नव्हता. काका गजांतून आत डोकावले. हाक मारल्यावर बऱ्याच वेळानं खिडकीचा पडदा हलला, मग दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. चेहरा उतरलेला.

"या," त्या म्हणाल्या. "मी वाटच बघत होते. गाडी घेऊनच आलात का?"

"कसली गाडी?"

"शाळेची. त्याला न्यायला."

काका काकूंकडे बघायला लागले. बाईंनी कुलूप काढलं, दोघांना ओसरीवर बसवलं आणि स्वतः दार अडवून उभ्या राहिल्या. आतून नखांचा टकटक आवाज येत होता.

"तुम्हाला वाटलं, मला दिसलं नाही," बाई म्हणाल्या. "माझा चष्मा वाचायचा आहे हो. त्याच्यावरून पाहिलं की लांबचं मला लख्ख दिसतं. फाटकाला रक्त लागलं होतं, तेही मीच धुतलं. पण तुम्ही म्हणालात 'मायाळू आहे', आणि मला धीर झाला नाही. विचारलं असतं, तर तुम्ही 'हो, चावला' म्हणाला असतात. मग मला त्याला परत पाठवावं लागलं असतं. तेव्हापासून दार लावून बसलेय. कुणी गाडीचा हॉर्न वाजवला की छातीत धडधडतं. तो येण्यापूर्वी मी या घरात भिंतीवरच्या घड्याळाशी बोलायचे. माणसानं किती दिवस घड्याळाशी बोलायचं?"

"अहो, पण मी तर कुणाला सांगितलंच नाही!" काका उठून उभे राहिले. "तुम्ही त्याला परत पाठवाल, म्हणून मी रस्त्यावरचं कुत्रं चावलं म्हणून सांगितलं. दोन निष्पाप कुत्री कोंडवाड्यात घातलीत मी."

"तिसरं जाणार होतं, मी अडवलं," काकू म्हणाल्या.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग काकांनी आपण कोण ते सांगितलं. बाही, भिंत, मागचं फाटक, सगळं. ऐकता ऐकता बाई दार सोडून खुर्चीवर बसल्या.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "समोरच्या फुटपाथवरून तुम्ही गेलात, की हा उठून उभा राहायचा. मला वाटायचं, याला म्हातारी माणसं आवडत नाहीत." मग चष्मा वर सारून वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "हे बघा, अट काय आहे? परक्याला चावला तर परत. आता मला सांगा, तुम्ही त्याला परके आहात का?"

काकूंनीच उत्तर दिलं. "परके कुठले! घरी माझ्यापेक्षा त्याचं नाव जास्त निघतं."

"मग अट मोडली नाही. शाळेलाही मी आजच तसं कळवते, आडपडद्याशिवाय. चला पालिकेत."

फौजदाराच्या लशीचे कागद बाईंकडे चोख होते. पालिकेच्या माणसानं ते पाहिले, कुत्रा घरातच नजरेखाली ठेवायला सांगितला आणि दोन्ही कैद्यांना मोकळं केलं. लॉन्ड्रीवाला भुऱ्याला कडेवर घेऊन गेला. उजव्या कानाचं मरतुकडं मात्र बाहेर यायला तयार होईना, कारण आत दोन वेळा खायला मिळत होतं. काकांकडे बघून साहेब म्हणाले, "काका, पुढच्या वेळी माणूस चावला तर त्याचं वर्णन देऊ नका." डॉक्टरीणबाईंनाही काकूंनी खरं सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी "शिस्त ओळखली होती मी" एवढंच म्हटलं आणि लशीची सुई जरा जोरानं टोचली.

शाळेचा होकार मात्र लवकर येईना. तोवर निरीक्षणाचे दिवस काकांनी बाईंच्या ओसरीवर, जाळीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून काढले. आत फौजदार, बाहेर काका. तो नीट खातो का, पाणी पितो का, चालतो कसा, हे सगळं काका घरी जाऊन काकूंना सांगायचे, आणि काकू "मी जेवले का ते विचारा कधी" म्हणायच्या. तो जाळीला नाक लावायचा. काकाही खुर्ची जरा पुढं सरकवायचे आणि बाईंनी खाकरलं की परत मागं घ्यायचे. हाताची जखम भरत आली, पण हा कुत्रा आता राहणार की जाणार, या काळजीनं काकांची झोप उडाली होती.

दहा दिवस पुरे झाले त्या सकाळी शाळेचा फोन आला. फौजदाराच्या जुन्या शिक्षकानंच केला होता. बाई फोन ठेवून बाहेर आल्या, आणि डोळे पुसत हसल्या. "म्हणाला, चोराला चावला, तर त्यात चुकलं काय?"

मग त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि गळपट्टा धरून फौजदाराला काकांसमोर आणून बसवलं. काकू पायरीवर येऊन बसल्या होत्या, डावा हात पाठीमागे ठेवा म्हणून तीनतीनदा बजावत. काकांनी उजवा हात पुढं केला. त्यांनी तो फौजदाराच्या कपाळावर ठेवला आणि दोन कानांच्या मधल्या काळ्या पट्ट्यावरून मागं नेला. पुन्हा नेला. इतकी वर्षं मनात धरलेलं ते कपाळ हाताखाली होतं, मऊ, उबदार, थोडं खडबडीत. "शाब्बास," काका म्हणाले. "गुणी माझं ते." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

फौजदार शहाण्यासारखा बसून होता. शेपटी हलेना. लांबच्या नातेवाइकानं गालगुच्चा घेतला की मुलं जशी मुकाट्यानं सोसतात, तसं त्यानं सोसलं. शिक्षक कुरवाळायचा, बाई कुरवाळायच्या, पोस्टमन कुरवाळायचा. त्यात काय नवल? काकांचा हात हळूहळू थांबला. "याला आवडत नाहीये," ते बारीक आवाजात म्हणाले. "मला ओळखलं नाही वाटतं."

फौजदार उठला. दुखऱ्या कंबरेनं लंगडत अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि वळला. पुढचे पाय वाकवून, कान ताठ करून, त्यानं काकांच्या डोळ्यांत डोळे घातले. एकदाच भुंकला. शेपटी अशी फिरायला लागली, की मागचं सगळं अंग हलत होतं.

काकांनी डोळे पुसले. सावकाश उभे राहिले.

"अहो, काय विचार आहे? गुडघे आहेत का जागेवर?" काकू ओरडल्या. "आणि डाव्या हाताची जखम अजून ओली आहे!"

"मग उजव्यावर बांधू," बाई म्हणाल्या. त्या आत जाऊन खुर्चीवरची गादी घेऊन आल्या आणि काकांच्या उजव्या हाताभोवती सुतळीनं करकचून आवळली. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मग उठून, सुतळीची गाठ सैल वाटली म्हणून, आणखी एक मारली.

काका पळाले. पळाले म्हणजे काय, घाईत चालले म्हणा. मागून फौजदार धावला, म्हणजे तोही घाईतच चालला. दोन म्हातारी अंगणाला वळसा घालताहेत आणि कुणीच कुणाला सापडत नाही, हे बघून काकूंना राहवेना. त्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "फौजदार, पकड त्यांना! सोडू नकोस!"

पेरूच्या झाडापाशी फौजदारानं काकांना गाठलं. गादीत दात रोवले आणि तिथंच बसकण मारली. काकाही त्याच्या शेजारी मातीत बसले. हलायचं थांबून ताठ राहिलं, की तो सोडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते हात जरा जरा हलवत राहिले.

"बास झालं ना आता?" बाईंनी विचारलं. "बोलावू त्याला?"

"राहू द्या हो, बाई," काका म्हणाले. "थोडा वेळ राहू द्या."